आयआयटीव्हीजवळ उभं कुठे राहायचं, आणि बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा. रेडिओग्राफीचा कोर्स करून नाशिकमधल्या एका ३० खाटांच्या हाडांच्या दवाखान्यात चार महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी विचारते: "आमच्याकडे एक डीआर मशीन आणि एक सी-आर्म आहे. ॲप्रन दोन, त्यातला एक फाटल्यासारखा. टीएलडी बॅज 'येतोय'. ऑपरेशनला मला आत उभं राहावं लागतं, कधी लहान मुलांना धरावंही लागतं. लग्नाला वर्ष झालं, आता मूल हवंय. सासूबाई म्हणतात नोकरी सोड. डॉक्टर म्हणतात ॲप्रन घातला की काही होत नाही. खरं काय?" (डीआर म्हणजे फिल्मशिवायचं डिजिटल एक्स-रे मशीन. सी-आर्म, म्हणजेच आयआयटीव्ही, हे ऑपरेशन चालू असताना स्क्रीनवर चित्र दाखवणारं एक्स-रे मशीन. ॲप्रन शिशाचा, आणि टीएलडी बॅज अंगावर पडलेलं रेडिएशन मोजायचा.)

सासूबाई चुकतायत आणि डॉक्टरही चुकतायत. दोघांपैकी सासूबाईंचं चुकणं परवडतं.

मी नाशिकमध्ये २६ वर्षं एक्स-रे काढतेय. सुरुवात डार्करूममध्ये, हायपोच्या, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनाच्या, वासात झाली. आता आरएसओ, म्हणजे रेडिएशन सुरक्षा अधिकारी, म्हणूनही काम बघते. माझी दोन्ही बाळंतपणं याच नोकरीत झाली आणि थोरला आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. वयाने मोठी म्हणून तुला अगंतुगं करते, चालवून घे.

नोकरी सोडू नकोस. पण बॅज मिळेपर्यंत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जाऊ नकोस, हे डॉक्टरांना सरळ सांग. यात उद्धटपणा काही नाही. अणुऊर्जा (प्रारण संरक्षण) नियम, २००४ प्रमाणे कामगाराचा डोस मोजायची व्यवस्था करणं ही मालकाची जबाबदारी आहे. 'येतोय' हे उत्तर चार महिने चालत नाही. मशीनची ई-लोरावर, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या (एईआरबी) ऑनलाइन पोर्टलवर, नोंद असेल आणि परवानगी घेतलेली असेल, तर बॅज मागवणं हे एका फॉर्मचं आणि थोड्या पैशांचं काम आहे. बॅजच येत नसेल तर बहुधा नोंदीचंच घोडं अडलेलं असतं. म्हणून आधी नोंदीचा कागद बघायला माग.

आता बॅज म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण आपल्याकडे निम्मे लोक त्याला ताईत समजतात. गळ्यात घातला की किरणं लागत नाहीत, असं. आत टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात, त्यात डिस्प्रोसियमचा अंश असतो. पडलेलं रेडिएशन त्या साठवून ठेवतात. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत तापवल्या की प्रकाश बाहेर पडतो, तो मोजून डोस काढतात. थोडक्यात तो हिशेबनीस आहे, रखवालदार नाही. छातीच्या उंचीवर, ॲप्रनच्या आत लावायचा. ड्युटी संपली की तुलनेसाठी वेगळ्या ठेवलेल्या कंट्रोल बॅजच्या शेजारी, एक्स-रे रूमपासून लांब ठेवायचा.

हे शेवटचं वाक्य मी स्वतः अद्दल घडल्यावर शिकले. दुसऱ्या नोकरीत असताना मी बॅज ॲप्रनलाच लावून ठेवायची, सोय म्हणून. ॲप्रन टांगायचा हुक चेस्ट स्टँडच्या बाजूच्या भिंतीवर होता. दिवसभर छातीचे फोटो निघायचे आणि बॅज तिथे बसून मोजत राहायचा. तिमाहीचा आकडा १० मिलिसिव्हर्टच्या (हे डोस मोजायचं माप) वर गेला. त्या आकड्यापुढे चौकशी लागतेच. पत्र आलं, फॉर्म भरले, कुठे उभी होते, किती केसेस केल्या, सगळं लिहून दिलं. डोस भिंतीला लागला होता, मला नाही, हे पटवून द्यायला दोन महिने गेले. तेवढे दिवस घरी कुणाला काही बोलले नाही, झोप मात्र उडालेली होती. तेव्हा ॲप्रन हुकावर आणि बॅज ड्रॉवरमध्ये, दोघांचा संसार वेगळा ठेव.

आता ओटी. तुझा खरा प्रश्न तिथेच आहे.

सी-आर्मला आपल्याकडे ओटीत सगळे आयआयटीव्ही म्हणतात, मीही तेच म्हणते. कोर्समध्ये शिकवलेली एक गोष्ट ओटीत गेल्यावर सगळे विसरतात. तिथे तुझ्या अंगावर येणारं रेडिएशन मशीनमधून जवळपास येतच नाही, ते पेशंटच्या अंगातून येतं. किरणं जिथून निघतात त्या ट्यूबच्या आवरणातून गळणाऱ्या किरणांना कडक मर्यादा आहे: १ मीटरवर तासाला १ मिलिग्रेपेक्षा जास्त नाही. मुख्य किरण पेशंटच्या मांडीवर आदळतात आणि तिथून चहूकडे विखुरतात. चुन्याच्या भिंतीवर ऊन पडलं की समोरची पडवी उजळते ना, तसं. ओटीत ती भिंत म्हणजे पेशंट. ऊन ज्या अंगाने पडतं त्याच अंगाला उजेड जास्त, म्हणजे ट्यूबच्या बाजूला स्कॅटर (विखुरलेली किरणं) सगळ्यात जास्त. पलीकडच्या बाजूला जाणारा स्कॅटर पेशंटचं शरीरच बराचसा अडवतं.

एवढं एक डोक्यात बसलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. ट्यूब टेबलाखाली का ठेवायची? स्कॅटर पायांकडे, जमिनीकडे जावा म्हणून. ट्यूब वर घेतली की तोच स्कॅटर सर्जनच्या डोळ्यांवर आणि गळ्यावर येतो, आणि कित्येक पटींनी येतो. लॅटरल, म्हणजे आडव्या बाजूने चित्र, घेताना कुठे उभं राहायचं? इंटेन्सिफायरच्या (ट्यूबच्या समोरचा, चित्र टिपणारा भाग) बाजूला, ट्यूबच्या बाजूला कधीच नाही. खुब्याच्या हाडाच्या केसमध्ये लॅटरलला ट्यूब नेमकी जिथे सिस्टर ट्रॉली घेऊन उभी असते त्या बाजूला येते. तिला सांगणारं कुणी नसतं. तू सांग. आणि इंटेन्सिफायर पेशंटच्या जितका जवळ आणता येईल तितका आण. तो लांब ठेवला की चित्र उजळ करायला मशीन आपोआप किरणं वाढवतं, पेशंटला जास्त, तुलाही जास्त. मॅग्निफिकेशन वापरलं की तेच होतं. सर्जन म्हणाले "जरा मोठं दाखवा", तर पहिल्या वेळी दाखव, पण तिथेच ठेवून पुढचे २० शूट घेऊ नकोस.

विखुरलेल्या किरणांचा ढोबळ हिशेब असा, की पेशंटवर पडतं त्याच्या साधारण हजारावा भाग १ मीटरवर पोचतो. २ मीटरवर त्याचा चौथा हिस्सा, ३ मीटरवर नववा. हे फुकटचं संरक्षण आहे. ॲप्रनला पैसे पडतात, दोन पावलं मागे सरकायला पडत नाहीत. ०.२५ मिलिमीटर शिशाइतक्या ताकदीचा चांगला ॲप्रन स्कॅटरचा ९० टक्क्यांहून जास्त भाग अडवतो, आयआयटीव्हीला मी ०.५ चाच मागते. पण तो डोळे झाकत नाही, हात झाकत नाही, आणि पाठीमागून उघडा असलेला ॲप्रन घालून तू ट्रॉलीकडे वळलीस की पाठ मोकळी. "ॲप्रन घातला की काही होत नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरांना गळ्याला बांधायची थायरॉइड कॉलर दिसत नाही का, हे एकदा गमतीत विचारून बघ. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगासाठी डोसची शिफारस वर्षाला १५० वरून २० मिलिसिव्हर्टवर आणली, ती मोतीबिंदू पूर्वी समजत होते त्यापेक्षा कमी डोसला होतो हे लक्षात आल्यावरच. सर्जनच्या डोळ्यांची काळजी घ्यायची असेल तर त्याला हे सांग. आपल्या डोळ्यांविषयी डॉक्टरसुद्धा ऐकतात.

मी एक गोष्ट करते. ओटीच्या फरशीवर, टेबलाच्या कडेपासून २ मीटरवर, पिवळी चिकटपट्टी लावते. शूटच्या आधी ज्याचं टेबलाजवळ काम नाही त्याने पट्टीमागे जायचं. एका ठिकाणी पहिले काही दिवस सगळे हसले. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "मॅडमनी लक्ष्मणरेषा काढलीय." मी म्हटलं, पंचवटीला राहते, शोभतं मला. दोन-तीन महिन्यांनी तेच डॉक्टर नव्या सिस्टरला ओरडत होते, "पट्टीच्या मागे हो." ओटी धुतली की पट्टी निघते, परत लावावी लागते. तेवढं काम राहतंच.

शूट कोण करतं तेही बघ. पेडल सर्जनच्या पायाखाली असेल आणि बोलता बोलता पाय त्यावरच असेल, तर स्क्रीनवर चित्र चालूच राहतं आणि कुणाचं लक्ष नसतं. सुटा शूट घ्यायचा, शेवटचं चित्र स्क्रीनवर थांबतं, त्यावरच विचार करायचा. स्क्रू बसवताना सलग बघायची गरज क्वचितच असते. केस संपल्यावर एकूण स्क्रीनिंग किती मिनिटं झालं ते रजिस्टरला लिही आणि सर्जनला ऐकू येईल असं मोठ्याने वाच. मी याशिवाय दुसरं काही केलं नाही आणि एका सर्जनची वेळ आपोआप कमी झाली. दुसऱ्या सर्जनपेक्षा आपली वेळ जास्त हे कुणालाच आवडत नाही.

आता मुलांना धरण्याबद्दल. तू हे ओळीत सहज लिहून गेलीस, पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते इथेच.

धरायचं नाही. तूही नाही आणि मामांनीही, म्हणजे वॉर्डबॉयनेही, नाही. दवाखान्यात एक मामा असतातच, पोरगं रडायला लागलं की त्यांना हाक जाते, कारण त्यांच्या हातात जोर असतो आणि ते नाही म्हणत नाहीत. आई एकदा धरते, आयुष्यात एकदा. मामा रोज धरतात, आणि त्यांच्याकडे बॅज नसतो, कारण ते 'रेडिएशनचे' कर्मचारी नाहीत. माझ्या पहिल्या नोकरीतल्या मामांची अंगठी मी फिल्मवर कितीतरी वेळा पाहिलीय. पोराच्या छातीच्या फोटोच्या कडेला दोन बोटांची हाडं आणि त्यावर गोल काळपट अंगठी, नाही, अंगठी पांढरी दिसते, धातू असतो ना. रॉन्टगेनने २२ डिसेंबर १८९५ ला बायकोच्या हाताचा फोटो काढला त्यातही अंगठीच आधी नजरेत भरते. तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं. आपल्याला माहीत होतं, तरी आम्ही फिल्म सुकवून पाकिटात घालत होतो.

आता डीआरमध्ये त्याहून वाईट होतं. बोटं क्रॉप करता येतात. फोटो रेडिओलॉजिस्टकडे जातो तेव्हा स्वच्छ असतो, मामा दिसतच नाहीत. तू क्रॉप करायच्या आधीचा फोटो उघडून बघ. त्यात कुणाची तरी बोटं असतील, तर तुमच्या दवाखान्याचा खरा प्रश्न तिथे आहे, ॲप्रनात नाही.

मग काय करायचं? आधी वाळूच्या पिशव्या, पट्टा, फोम, टेप. मूल आधी शांत होऊ दे, लाइट कमी कर, मशीनला हात लावू दे. तरीही धरावंच लागलं तर नातेवाइकाने, ॲप्रन घालून, किरणांच्या चौकटीबाहेर हात ठेवून. बाई असेल तर गरोदर नाही ना हे विचारूनच. आजोबा सगळ्यात चांगले. आजोबांना पोरगं घाबरत नाही आणि आजोबा विचारत नाहीत की याने मला काही होईल का. ही थोडी चेष्टा आहे, पण ॲप्रन त्यांनाही घालायचा, चेष्टेत सोडून देऊ नकोस.

चौकट म्हटली म्हणून कोनबद्दल, म्हणजे किरणांची चौकट लहान करायच्या सोयीबद्दल. पोराच्या छातीच्या फोटोत जबड्यापासून मांडीपर्यंत सगळं आलेलं मी आठवड्याला एक तरी बघते. बोटाच्या फोटोत कोपर. फिल्मच्या काळात निदान फिल्म वाया जायची म्हणून लोक कोन लावायचे, आता डिटेक्टर मोठा आणि क्रॉप फुकट. किरणं कुठे पडतील ते दाखवणारा फील्ड लाइट बघ, चौकट लहान कर. डोस तर कमी होतोच, स्कॅटर कमी झाल्याने फोटोही खुलतो. सर्जनला हे डोसच्या भाषेत सांगितलं तर ऐकणार नाही, फोटो चांगला येतो म्हण.

डीआरचा आणखी एक सापळा. फिल्म जास्त एक्स्पोज झाली की काळी पडायची आणि लगेच शिव्या पडायच्या. डीआरमध्ये दुप्पट दिलं तरी फोटो सुंदरच दिसतो, किंबहुना दाणे कमी झाल्याने आणखी सुंदर. कमी दिलं की मात्र दाणेदार येतो आणि तक्रार येते. म्हणून हळूहळू सगळ्यांचे एमएएस, म्हणजे दिलेल्या किरणांचे आकडे, चढत जातात, मुद्दाम कुणीच चढवत नाही. फोटोच्या कोपऱ्यात डीआय नावाचा आकडा असतो, तो बघायची सवय लाव. शून्य म्हणजे नेमकं. अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मं. कुठे जुनं फुजीचं सीआर (कॅसेटवर चालणारं डिजिटल यंत्र) असेल तर तिथे एस नंबर उलटा चालतो, आकडा जितका लहान तितका डोस जास्त. आठवडाभर चेस्ट पीएचे, म्हणजे पाठीकडून काढलेल्या छातीच्या फोटोंचे, आकडे वहीत लिही. रोज अधिक २, अधिक ३ येत असेल तर मशीनचा एक्स्पोजर चार्टच चुकीचा बसवलाय.

आणि रिपीट. एकही यंत्र न घेता रेडिएशन कमी करायचा रस्ता हाच, कारण पुन्हा काढलेला फोटो म्हणजे त्याच माणसाला दुप्पट डोस. नाशिकला पेशंट येतो तो सुरगाण्याहून, पेठहून, कळवण-सटाण्याकडून येतो. पुस्तकातलं "श्वास रोखून धरा" त्याला कळत नाही असं नाही, पण ॲप्रनवाली मॅडम काचेमागून ओरडतेय म्हटल्यावर माणूस गोंधळतो. एकदा कळवणकडचे एक बाबा होते. मी सांगितलं, "बाबा, दम धरा." ते म्हणाले, "धरलाय पोरी, दोन तासांपासून बाहेर दमच धरलाय." आणि निवांत श्वास घेत राहिले. पहिला फोटो हलला. मग मी काचेमागून बाहेर आले, समोर उभी राहिले आणि म्हटलं, "रामकुंडात बुडी मारताना करता ना, तसं करा." बाबांनी छाती भरून घेतली, गाल फुगवले, डोळेसुद्धा मिटले. एवढी छान इन्स्पिरेशनची छाती मी मेडिकलच्या पोरांचीही बघितली नव्हती. तेव्हापासून तेच वापरते. पण बटण दाबायच्या आधी एकदा कोरडी तालीम करून घे, आणि नंतर "सोडा" म्हणायला विसरू नकोस, काही जण खरंच धरून ठेवतात.

तुझ्या रूमबद्दल तू लिहिलं नाहीस, पण मी विचारते. चेस्ट स्टँडच्या मागे काय आहे? जुन्या वाड्यात किंवा बिल्डिंगच्या तळमजल्यावर दवाखाना असला की हा प्रश्न निघतोच. ९ इंची विटांची भिंत पुरते. पण डागडुजीत मधेच प्लायचं पार्टिशन आलेलं असतं आणि त्याच्यामागे रिसेप्शन, किंवा शेजारच्यांचं स्वयंपाकघर. दाराला शिसं हवं, आणि उजेड-वाऱ्यासाठी शिसं नसलेला झरोका असेल तर तो बाहेरच्या जमिनीपासून २ मीटरच्या वर हवा. कंट्रोल पॅनेल मशीनपासून किमान ३ मीटर, मध्ये १.५ मिलिमीटर शिशाचा आडोसा. बाहेर लाल दिवा, आणि गरोदर बाईंनी आधी सांगावं ही पाटी, मराठीत, हिंदीत. दार लावल्याशिवाय एक्स्पोजर नाही. उन्हाळ्यात एसी बंद पडला की दार उघडं ठेवून फोटो काढणारे मी पाहिलेत, बाहेर बाकड्यावर दहा माणसं. मशीनची क्यूए (गुणवत्ता) तपासणी दोन वर्षांतून एकदा व्हायला हवी, आणि ट्यूब बदलली किंवा मोठी दुरुस्ती झाली तर परत. रिपोर्ट कुठे आहे ते विचार. कपाटात असेल तर वाच, नसेल तर तेही कळलंच.

पूर्वी रेडिएशन मोजणारा सर्व्हे मीटर नसायचा तेव्हा आम्ही भिंतीच्या पलीकडे कॅसेटवर किल्ली चिकटवून आठवडाभर ठेवायचो आणि मग फिल्म धुवायचो. किल्लीची सावली उमटली की भिंत गळते. डीआरच्या पोरांना हे सांगितलं की त्यांना मी अश्मयुगातली वाटते.

दवाखान्यात भीतीचीही वाटणी उलटी असते, हे तुला दिसलं असेलच. आयसीयूत पोर्टेबल, म्हणजे चाकांवरचं एक्स-रे मशीन, नेलं की सिस्टर पेशंट सोडून जिन्यापर्यंत पळतात. तिथे एका छातीच्या फोटोचा स्कॅटर, २ मीटर लांब, वळून उभं राहिलं तरी पुरे. त्याच सिस्टर ओटीत २० मिनिटांच्या स्क्रीनिंगला टेबलाला चिकटून उभ्या असतात आणि त्यांना काही वाटत नाही. पेशंटलाही सांगावं लागतं की एक्स-रे बटण सोडलं की संपतो, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साचून राहत नाही तसा. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात लोकांना बाधा झाली ती कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूची, ते बंद करता येत नाही. आपलं यंत्र करता येतं. एका छातीच्या फोटोचा डोस सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट, आणि जमीन-आकाशातून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिळतंच. म्हणजे एक फोटो त्यातल्या तीन दिवसांइतका. पोटाचं सीटी मात्र ८-१० च्या घरात जातं, ते विचार करूनच सांगायचं असतं. तो विचार लिहून देणाऱ्याने करायचा, पण कालच दुसरीकडे झालेलं सीटी पिशवीत आहे का हे तू विचारू शकतेस. पेशंट पिशवी घेऊन येतो आणि कुणी उघडून बघत नाही.

आता बाळाबद्दल. कायद्याने तुझ्यासाठी मर्यादा आहे वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, पाच वर्षांची सरासरी धरून, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. पण गरोदर असल्याचं कळवलंस की गर्भासाठी उरलेल्या महिन्यांत १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे सामान्य नागरिकाइतकीच. म्हणून कळलं की लगेच लेखी कळव. लाजायचं नाही आणि 'तिसरा महिना होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही' हे घरच्यांसाठी ठेव, आरएसओसाठी नाही. मी दोन्ही वेळा आठवड्याच्या आत सांगितलं. आयआयटीव्ही आणि पोर्टेबल दुसऱ्याकडे गेलं, मी काचेमागच्या रूममध्ये आठव्या महिन्यापर्यंत काम केलं. दोन्ही वेळच्या तिमाह्यांत बॅजवर शून्य आलं. पॅनेलमागे उभं राहून नेमाने काम करणाऱ्या बाईला बहुतेक वेळा एवढंच येतं. मात्र हे बॅजने सांगायला हवं, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. म्हणूनच गरोदर राहायच्या आधी हातात दोन तिमाह्यांचे आकडे असावेत असं मला वाटतं. ते सासूबाईंना दाखवता येतात.

पेशंटकडून उलटी चूक होते. दिंडोरीकडची एक मुलगी कंबरेचा फोटो काढून गेली, मग पाच आठवडे झाल्याचं कळलं, आणि कुणीतरी तिला मूल ठेवू नको म्हणून सांगितलं. ती रडत माझ्याकडे आली, कारण फोटो मी काढला होता. कंबरेच्या फोटोत गर्भाला साधारण एक-दोन मिलिग्रे (हेही डोसचंच माप) पोचतं, फार झालं तर १०. १०० मिलिग्रेच्या खाली केवळ रेडिएशनच्या कारणाने गर्भपात करायचं कारण नाही, हे आंतरराष्ट्रीय आयोगाने स्पष्ट लिहिलंय. तिला मी आमच्या रेडिओलॉजिस्टकडे नेलं, त्यांनी हिशेब करून कागदावर लिहून दिलं. पण मी त्या दिवशी पाळीची तारीख विचारली नव्हती, ही माझी चूक. विचारलं असतं तर आठ दिवस थांबता आलं असतं, कंबर काही पळून जात नव्हती. तारीख विचारायची तर बाहेरच्या बाकड्यावर नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर विचारू नकोस. आत घेऊन, दार लावून विचार. बाहेर विचारलं की उत्तर खोटं येतं.

पेशंटच्या पोटावर शिसं ठेवायचं का, हे तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी विचारेलच. आम्हाला ठेवायला शिकवलं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने ते नेहमी ठेवणं बंद करा म्हणून सांगितलं. आतला स्कॅटर त्याने अडत नाही, आणि शिसं चुकीच्या जागी सरकलं की हवा तो भाग झाकला जातो किंवा ऑटो एक्स्पोजर डोस वाढवतं. मला हे पटलंय. पण घाबरलेल्या आईने आग्रह धरला आणि शिसं चौकटीबाहेर बसत असेल, तर मी वाद घालत नाही. ठेवते.

तो फाटका ॲप्रन. उद्या सकाळी ओटी सुरू व्हायच्या आधी आयआयटीव्हीखाली पसरव आणि हळूहळू शूट घेत बघ, स्वतः दुसरा ॲप्रन घालून. आतल्या शिशाला चीर असेल तर पांढरी रेघ उजळून दिसते, विशेषतः कंबरेच्या घडीवर आणि खांद्यापाशी. वरचं कापड फाटलेलं असून आतलं ठीक असतं, आणि कापड नवंकोरं असून आत तडा असतो, म्हणून डोळ्यांनी ठरवू नकोस. दिसलेल्या चिरेचा फोटो काढून डॉक्टरांना मोबाइलवर पाठव, तोंडी सांगू नकोस. आणि नवा आला की त्याला जाड हँगर माग. खुर्चीच्या पाठीवर घडी घालून टाकला तर तोही वर्षात तसाच होईल.

बॅजची आणि नोंदीची विनंती लेखी दे, तारीख टाकून, एक प्रत स्वतःकडे ठेवून. पंधरा-वीस दिवसांत काही हललं नाही तर एईआरबीकडे लिहिता येतं. मी तुझ्या जागी असते तर त्याआधी एकदा डॉक्टरांच्या मिसेसशी बोलले असते. लहान दवाखान्यांचा हिशेब बहुतेक त्याच बघतात, आणि त्यांचे यजमान रोज त्याच टेबलाशी ट्यूबच्या सगळ्यात जवळ उभे असतात.

आणि मामांसाठी वेगळा बॅज मागू नकोस. त्यांना रूममध्ये बोलवायचंच बंद कर.